चौऱ्याऐंशी नावांच्या कूलरपत्रकावरील स्वारी

श्री.

कसबे जळगाव येथील व्यापारी मंडळाचे चिटणीस यांनी सेवकास पुसिले की, दुकानदाराने अगर कारखानदाराने आपला लिहिलेला कागद छापण्याअगोदर जाणत्या संपादकाचे नजरेखालून काढावा ऐसे लोक म्हणतात, तर त्यात हित काय, आणि आम्हां सर्वांस लिहिता येत असता आपली लेखणी दुसऱ्याचे हाती का द्यावी? यास उत्तर एका ओळीत देता येते. परंतु एका ओळीवर कोणी विश्वास ठेवीत नाही, म्हणोन मेहरूणचे कूलर कारखान्यावर जो प्रसंग गुदरला तो पहिल्यापासोन लिहिला आहे. वाचोन ज्याचे त्याने समजावे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, चैत्र मास. खानदेशावर सूर्याने ऐसी चाल केली की निंबाचा मोहर झाडावरच भाजला, आणि तापीची वाळू भाकरीच्या तव्यासारखी जाहली, आणि रावेरकडील बागांत केळीची पाने दोन प्रहरी हात जोडल्यासारखी मिटोन उभी राहू लागली, आणि भुसावळचे फलाटावर लोखंडी बाकांस कोणी बसेना. ऐसे समयी या मुलुखात राजा कोण, तर कूलर. तो ज्याचे खिडकीत त्याचे घरी पाहुणा, आणि पाहुणा एकदा बसला म्हणजे उठत नाही.

मेहरूणचे तलावाकडील रस्त्यास मुख्तारभाई, पत्र्याचे नामजाद कारागीर, यांचा कारखाना. पत्रा त्यांचे हाती मलमलीसारखा दुमडे. पदरी अकरा कारागीर. मागील खोलीत त्यांचे कुटुंब जरीनाभाभी पंपाचे तांब्याचे वेटोळे भरीत, आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली म्हणजे फोनही त्याच घेत, एक हात तारेवर, एक कान फोनवर. कारखान्याचे दुसरे भागीदार झुलालनाना, राहणार जामनेर. नानांस पत्रा वाकविता येत नव्हता, परंतु शब्द हवा तैसा वाकत असे. जामनेर तालुक्यात पंचवीस वर्षे जी जी लग्नपत्रिका छापली तिचा मजकूर नानांचा. कोणाचे नाव कोणत्या ओळीत, आत्याचे यजमान वर की मावशीचे, वारलेल्या आजोबांस कै. लावोन कोठे बसवावे, हे शास्त्र त्यांचे मुखोद्गत. तेव्हा कूलरसोबत देण्याचे वापरपत्रक कोणी लिहावे, हा प्रश्न निघालाच नाही. नानांनी लिहिले.

ते पत्रक चार पानी. माथ्यावर डावे बाजूस कुलस्वामिनी, उजवे बाजूस सातशे शहाऐंशी, दोन्ही भागीदारांचा मान राखोन. खाली मजकूर ऐसा की, आमचे येथे ईश्वरकृपेने चि. पंप व चि. सौ. कां. टाकी यांचा शुभसंयोग योजिला असून आपण सहकुटुंब सहपरिवार कूलरसमोर उपस्थित राहून, शुभमुहूर्ती बटण दाबून, गारव्याचा लाभ घ्यावा. कार्यस्थळ, आपली खिडकी. मग निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक आणि व्यवस्थापक मिळोन चौऱ्याऐंशी नावे, पैकी नानांकडील एकोणसत्तर आणि मुख्तारभाईंकडील पंधरा. पहिले पानी टाकीत चाळीस लिटर पाणी मावे, तिसरे पानी साठ. आणि एकच शब्द दुसऱ्यांदा आला तर मजकुराची शोभा जाते, ऐसे नानांचे मत, म्हणोन टाकीस कोठे हौद, कोठे कुंड आणि कोठे जलाशय म्हटले होते.

फाल्गुनात पहिले शंभर कूलर धुळ्यास गेले. तेथील रतिलालशेट, ठोक व्यापारी, यांची धुळ्यात आणि शिंदखेड्यात दुकाने. कूलर एका सप्ताहात विकले गेले, आणि मग फोन सुरू जाहले. पहिला मोठा फोन शिंदखेड्याकडील झिपरूआबांचा. आबा वयाने वडील, कागद अक्षर अन् अक्षर वाचणारे. ते आलेली एक एक वस्तू मोजोन अहिराणीत म्हणाले, "ताई, टाकी उनी, पंखा उना, गवत उनं. पन जलाशय काय उना नही. तो मांगून येनार शे का?"

भाभींनी दातांत धरलेली तार काढली आणि सांगितले, "आबा, टाकी तेच जलाशय."

"आनि हौद?"

"ती पण टाकीच."

"आनि कुंड?"

"टाकीच, आबा."

आबा कागद पुन्हा चाळोन म्हणाले, "मंग बठ्ठं टाकीच शे, तं टाकीच लिखानं व्हतं नी."

भाभी हसल्या आणि मग त्यांनी रोज वीस वेळां सांगत तेच एकविसावे वेळी सांगितले, "आधी टाकी भरा, पंप पाण्यात बुडू द्या. मग पंप लावा. गवत भिजू द्या. मग पंखा. खिडकी उघडी ठेवा." आबांस एका दमात उमजले. परंतु शंभर घरी भाभी किती वेळां पोचणार? लोकांनी पत्रक वाचिले, मुहूर्त पाहिला, कोरड्या टाकीवर बटण दाबिले, आणि शंभरांतील सदतीस पंप जळोन जाया जाहले.

चैत्र वद्य पंचमी, शुक्रवारी, रतिलालशेटांचा खलिता व्हॉट्सअ‍ॅपचे मार्गे आवाजी येऊन दाखल जाहला. फर्मान येणेप्रमाणे : कूलर तुमचा नामी, कागद तुमचा काळ. आणखी तीनशे कूलर वैशाख शुद्ध प्रतिपदा, सोमवार, अक्षय तृतीयेचे, म्हणजे आखाजीचे, दोन रोज अगोदर धुळ्यास पोचवावे, आणि त्यासोबत वाचोन कूलर चालविता येईल ऐसा कागद द्यावा. तैसा कागद नसल्यास गाडी उतरवून घेणार नाही, पारोळ्याहूनच माघारी फिरवावी.

हे ऐकोन कारखान्यात हातोडे थांबले. तीनशे कूलर माघारी आले म्हणजे हंगाम बुडाला, आणि हंगाम बुडाला म्हणजे अकराही कारागीर सुरतेची वाट धरणार, हे सर्वांस ठाऊक होते. मग मुख्तारभाई म्हणाले, "नाना, तुमचे पाहुणे कागदावर गार बसलेत. पंप माझे जळतात."

नाना म्हणाले, "पंचवीस वर्षांत माझ्या पत्रिकेपायी एक लग्न राहिलं नाही, मुख्तारभाई."

तेव्हा मसलत होऊन जरीनाभाभींनी सुचविले की पिंप्राळ्यास चारुलताबाई म्हणोन आहेत, वर्तमानपत्रात वीस वर्षे दुसऱ्यांचे मजकूर तपासले, आता कारखानदारांचे कागद दुरुस्त करणे हाच त्यांचा पेशा. एका बियाणेवाल्याचे पुडक्यावर पेरण्याची रीत औषधाचे जाहिरातीखाली दडली होती, ती बाईंनी वर काढिली, आणि मग त्याचे बियाणे उगवू लागले. मुख्तारभाई त्याच पावली स्कूटीवर स्वार होऊन जातीनिशी पिंप्राळ्यास गेले आणि बाईंस पाचारण केले.

चारुलताबाई लेखणीबहाद्दर बुधवारी उन्हाचे भर दोन प्रहरी येऊन पोचल्या. सरंजाम काय, तर एक पिशवी, एक शिसपेन्सिल, एक पाण्याची बाटली. कारागिरांची समजूत ऐसी की बाई बसतील आणि चुकांवर रेघा मारतील. बाई बसल्याच नाहीत. त्यांनी पत्रक हाती घेतले आणि अंगणात एक नवा कूलर मांडविला आणि नानांस त्यासमोर उभे राहण्याची विनंती केली. शर्त एकच. आपण कागद वाचू, नानांनी कागद सांगेल तेवढेच करावे, अधिक नाही, उणे नाही. नाना आपला मजकूर मोठ्याने वाचला जाणार म्हणोन संतोष पावोन टोपी सारखी करोन उभे राहिले. सावली निंबाची होती, परंतु ती कारागिरांकडे. नाना उन्हात.

बाईंनी वाचावयास आरंभ केला. देवतांचे नाव आले, नानांनी हात जोडिले. सप्रेम नमस्कार आला, नानांनी कूलरास नमस्कार केला. मग नावे सुरू जाहली, आणि बाईंनी एकही गाळिले नाही. जामनेरचे आले, पाचोऱ्याचे आले, कै. आले, चि. आले, माजी सरपंच आले, आणि घाम नानांचे कानामागोन निघोन सदऱ्यात उतरला. तिसावे नावाशी नानांनी पाय बदलला. पन्नासावे नावाशी टोपी काढोन वारा घेतला. साठावे नावाशी म्हणाले, "ताई, जरा जलद."

"नाना, गिऱ्हाईक पण असंच उभं असतं," बाई म्हणाल्या आणि एकसष्टावे नाव वाचिले.

चौऱ्याऐंशी संपली, आणि मग शुभमुहूर्ती बटण दाबून गारव्याचा लाभ घ्यावा ऐसे वाक्य आले, आणि नानांनी तहानेल्या बैलाने हौदाकडे जावे तैसे बटणाकडे धाव घेतली आणि दाबिले. कूलर घुमला. तप्त वारा नानांचे तोंडावर आला. मग पंप कुरकुरला, मग गुरगुरला, मग करपल्या भाकरीसारखा वास सुटला आणि पंप रणी पडला. कारागीर हळहळले. भाभींनी तो पंप उचलोन फडक्यात घेतला.

तरी बाईंनी वाचणे थांबविले नाही. चवथे पानाचे तळी, मुंगीएवढ्या अक्षरांत, लग्नपत्रिकेत जेथे लेकरे 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणतात तेथे, नानांनी रिवाजाप्रमाणे एक किलबिल घातली होती. मुख्तारभाईंची लेक हुमा आणि नानांचा नातू ललित यांचे नावे. ती ओळ ऐसी : 'आमच्या कूलरला आधी पाणी पाजायचं हं.'

चार पानी फौजेत खबर एकच, आणि तीही लेकरांचे हाती, सर्वांचे पिछाडीस. नानांनी कबूल केले की ती ओळ आपण योजिली नव्हती. हुमास पुसिले की काय लिहू, तेव्हा आई फोनवर रोज म्हणते ते तिने सांगितले.

नानांनी टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले की मजकूर बाईंनी हवा तैसा करावा. टाकीस टाकी म्हणावे, चाळीस की साठ ते माप घालोन ठरवावे, सर्व मंजूर. परंतु नावे एकही जाणार नाहीत.

बाईंनी कारण पुसिले. नाना हळूच बोलले, "सहा वर्षांमागं पुतण्याच्या पत्रिकेत माझा साडू रुपचंद सातव्या ओळीत गेला. पाचवीत पाहिजे होता. तेव्हापासून माझ्या घरचं पाणी प्याला नाही. आम्ही एका ताटात जेवलेले, ताई. तुम्ही म्हणता नाव काढा. मी एकदा नुसतं खाली सरकवलं होतं."

हे ऐकोन बाईंनी पेन्सिल खाली ठेविली. कागद दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, परंतु कागद कशापायी वाकडा जाहला हे पुसणारा विरळा. बाई विचारात पडल्या, आणि बाटलीतले पाणी प्याल्या, आणि मग म्हणाल्या की बरे, चौऱ्याऐंशी नावे राहू द्या, मी एकासही हात लावणार नाही. परंतु धंद्याचे कागदाचा एक कायदा आहे. त्यावर ज्याचे नाव, त्याने वाचणाऱ्याचे काही काम केले पाहिजे. तेव्हा प्रत्येक नावापुढे त्या त्या गृहस्थाचा मोबाइल नंबर छापावा आणि माथ्यावर लिहावे की, कूलर बिघडल्यास यांपैकी कोणासही सकाळी सहापासोन निजेपर्यंत फोन करावा.

नानांस ही तजवीज थोर वाटली. नावासोबत नंबर म्हणजे दुप्पट मान. त्यांनी गुरुवारी कच्चा मसुदा तयार करोन त्याचा फोटो भाऊबंदांचे व्हॉट्सअ‍ॅप गटावर सोडिला, आणि मुख्तारभाईंनी आपल्या गटावर.

शुक्रवारी उजाडता जे जाहले तैसे पळ या मुलुखाने पाहिले नसेल. प्रथम पाचोऱ्याचे सुपडूमामा यांचा फोन आला की आपण आता निवृत्त आहो, आपणांस मोठेपणाची हाव उरली नाही, नाव नवीन पिढीचे घालावे. नवीन पिढीने कळविले की वडीलधाऱ्यांसमोर आपले नाव शोभत नाही. भुसावळचे शेहजादभाई रेल्वेत, त्यांनी कळविले की गाडी चालविताना फोन घेता येत नाही. ते बुकिंग खिडकीवर असतात, हे मुख्तारभाईंस ठाऊक होते. माजी सरपंचांनी जाहीर केले की आपण जिवंतपणी प्रसिद्धीपासोन दूर राहण्याचा संकल्प केला आहे. दुपारपर्यंत साठ नावे मैदान सोडोन गेली. जे राहिले ते बहुतेक कै., आणि त्यांचेही वारस फोन करोन नंबर देण्यास नकार देते जाहले.

चौथे प्रहरी नानांचा फोन वाजला आणि नानांनी फोनचे पडद्याकडे पाहोन टोपी सारखी केली. रुपचंद. सहा वर्षांनी.

"झुलालभाऊ."

"बोल रुपचंद."

"माझं नाव पाचव्या ओळीत टाकलं तुम्ही. पाहिलं मी."

"टाकलं, बाबा."

"काढा ते. मला कूलरमधलं काय कळतं? माझ्या घरचाच बंद पडलाय परवापासून."

नाना हसू लागले, आणि पलीकडे रुपचंदही हसू लागला, आणि मग नाना म्हणाले, "येऊन जा ना. भाभी पाहून देईल कूलर. आणि पाणी प्यायला ये." हे बोलणे कारखान्यात सर्वांनी ऐकिले आणि कोणी ऐकिले नाही ऐसे दाखविले. रुपचंद दिवेलागणीस कूलर रिक्षात घालोन आला आणि आधी तांब्याभर पाणी प्याला. सहा वर्षांचे वैर एका तांब्यात वाहोन गेले.

सायंकाळी मोजदाद जाहली, तो चौऱ्याऐंशींपैकी दोनच नावे रणात उभी, मुख्तारभाई आणि झुलालनाना. मुख्तारभाईंनी सांगितले की पत्रा कापताना फोन ऐकू येत नाही, आपणांस मोकळे करावे. नाना मात्र हटले नाहीत. तेव्हा बाईंनी शनिवारी सकाळपासोन तक्रारीचे सर्व फोन नानांकडे वळविले. पहिलाच झिपरूआबांचा. आबा पुसते जाहले की गवत एका बाजूने कोरडे राहते, काय करावे? नानांनी उत्तर देण्यास आरंभ केला की सर्वप्रथम आपणांस सप्रेम नमस्कार, आणि आबा म्हणाले, "नमस्कार ऱ्हाऊ द्या भाऊ, ताईले फोन द्या."

नानांनी फोन भाभींस दिला. भाभींनी विचारले, "आबा, कूलर एका बाजूला झुकलाय का? खाली लाकडाची पाचर सरकवा." काम जाहले. नाना हे पाहत उभे राहिले. मग त्यांनी बाईंकडोन पेन्सिल मागोन घेतली, आणि आपले नाव आपल्या हातांनी खोडिले, आणि खाली, मंगलाष्टकांचे वळणाचे अक्षरांत, लिहिले : तक्रारीसाठी, जरीनाभाभी. पुढे नंबर.

भाभी म्हणाल्या, "माझं कशाला, नाना? मी त्या चौऱ्याऐंशीत पण नव्हते."

नाना म्हणाले, "तेच तर चुकलं होतं, भाभी."

मग बाईंनी पत्रक रचिले. एक पान. मजकूर बाईंनी स्वतः रचिला नाही, भाभी फोनवर जे बोलत तेच ओळीस ओळ लावोन घेतले, सहा ओळी, आधी करण्याचे आधी, मग करण्याचे मग. टाकीस सर्वत्र टाकी. माप घालोन पाहिले तो पन्नास लिटर भरले, चाळीसही नव्हे आणि साठही नव्हे. नानांनी तहाचे एक कलम मागितले की आपली एक तरी ओळ राहावी. बाईंनी उदार होऊन मान्य केले, आणि सहावी ओळ ऐसी ठरली : 'ओल्या हाताने प्लगला हात लावू नये, ही आग्रहाची विनंती.' नाना म्हणाले, हे शब्द आजवर कामी आले नव्हते ऐसे कामी आले. आणि देवतांचे नाव व सातशे शहाऐंशी माथ्यावर तैसेच राहिले, कारण त्यांनी कोणाची वाट अडविली नव्हती.

रविवारी छपाई. सोमवारी, वैशाख शुद्ध प्रतिपदेस, उजाडता तीनशे कूलर ट्रकवर चढले आणि फौजेने कूच केले. नाना स्वतः चालकाशेजारी. बांभोरीपाशी गिरणा ओलांडिली, एरंडोल मागे टाकिले, आणि पारोळ्यास गाडी थांबली. तेथे रतिलालशेटांचा माणूस उभा. त्याने कागद मागितला, नानांनी वरून दिला. वाचावयास त्यास तेवढाच वेळ लागला जेवढा चालकास चहा पिण्यास. मग त्याने धुळ्यास फोन लाविला, आणि शेटांचा हुकूम आला की येऊ द्या. नानांनी टोपी काढोन कपाळ पुसिले.

इकडे जळगावी पहिल्या तीन रोजांत किती तक्रारी येतात त्यावर सर्व होते. मंगळवार गेला. बुधवारी आखाजी. गल्लीत निंबास झोके बांधिले, पोरी गाणी म्हणत उंच जाऊ लागल्या, नाना रुपचंदाकडे आंब्याचा रस आणि पुरणपोळी जेवावयास गेले, आणि जरीनाभाभी मागील खोलीत तक्रारवही उघडोन फोन मांडीवर घेऊन बसल्या. सकाळ गेली. फोन गप्प. भाभींनी तो दोनदा उचलोन पाहिला की बंद तर पडला नाही. चारुलताबाई नाना देत होते ते मानधन न घेता आखाजीच्या गोड सांजोऱ्या डब्यात घेऊन गेल्या होत्या, त्या भाभींचा डबा परत द्यावयास आल्या, त्याही बसल्या.

दोन प्रहरी फोन वाजला. शिंदखेड्याहून झिपरूआबा. भाभींनी पेन हाती घेतले आणि पुसिले, "बोला आबा, काय बिघडलं?"

"काहीच नही, ताई. नातूनी नवा कूलर आना, त्याना संगे कागद उना. त्यामा तुम्हनं नाव देखं, म्हनीसन फोन कया. वारा गार शे. जेवाले या."

येणेप्रमाणे कूलरपत्रकाची मोहीम फत्ते जाहली. चौऱ्याऐंशी नावे पांगली, एक नाव उभे राहिले. अकरा कारागीर मेहरूणासच राहिले. तीनशे पंपांपैकी हंगामभरात एक जळाला, त्याची तार उंदराने कुरतडली होती. चिटणीस साहेबांनी नफा पुसिला, तो हाच. आणि त्या रोजी भाभींनी तक्रारवहीत जी नोंद केली ती दप्तरात जतन आहे : 'झिपरूआबा, शिंदखेडा. तक्रार नाही. वारा गार.' चारुलताबाईंनी ती नोंद रिवाजाप्रमाणे पेन्सिल हाती घेऊन दोनदा वाचिली, आणि एकही अक्षर न बदलता वही मिटली.